शंभरपट कोण देणार? आमच्या मंडळीला आणि किनाऱ्यावरच्या सगळ्या पाळकांना खुलं पत्र

आमच्या मंडळीचे पाळकसाहेब, पंच, तसंच वेंगुर्ल्यापासून वर हर्णैपर्यंत जिथे जिथे आपली मंडळी जमते तिथले पाळक, फादर आणि वडीलधारे, सगळ्यांना ख्रिस्तात सलाम.

आमच्या मंडळीत मला सगळे ओळखतात, आईला धरून आणते आणि तिसऱ्या बाकावर बसते ती बालवाडीची बाई. बाकीच्यांना एवढं पुरे की माझा जन्म याच किनाऱ्यावरचा, बाप्तिस्मा इथलाच, आणि हे पत्र मी रागाने लिहायला घेतलं होतं पण तीन वेळा फाडून चौथ्यांदा लिहितेय तेव्हा राग बराच खाली बसलाय, दुःख आहे ते आहेच.

गेल्या वर्षी नाताळ झाल्यावर आपल्याकडे मांडव घालून तीन दिवस संजीवन सभा झाली, बाहेरून वक्ते आले होते, त्यांचं नाव मी लिहिणार नाही कारण मला एका माणसाशी भांडायचं नाहीये. तिसऱ्या रात्री त्यांनी मार्काच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातलं तिसावं वचन घेतलं. जो माझ्यासाठी घर, शेत, भाऊबंद सोडतो त्याला शंभरपट मिळेल. मग हिशोब सुरू झाला, हजार पेराल तर लाख कापाल, लाख पेराल तर कोटी, देव कोणाचं कर्ज ठेवत नाही, या वर्षाच्या आत बघा. माइकवरून दोन साक्षी झाल्या, एकाला फ्लॅट मिळालेला, एकाला गाडी. लोक रडत होते, बायका कानातलं काढून पेटीत टाकत होत्या, आणि माझा दादा हात वर करून उभा होता.

दादाची फायबरची होडी होती, आउटबोर्ड इंजिन होतं, बँकेचं लोन फिटून जेमतेम वर्ष झालं होतं. पहाटे जाळी टाकायची, बांगडा, सुरमई जे लागेल ते आणायचं, वहिनी बाजारात विकायची, त्यावर पाच माणसं जेवत होती. सभेनंतर पंधरा दिवसांत दादाने होडी आणि इंजिन मिळून दोन लाख दहा हजाराला विकलं, त्यातले दीड लाख अर्पण केले, आणि वर आईच्या दोन पाटल्या, ज्या आईने गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पत्र्याच्या ट्रंकेत फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. वहिनीला विचारलं नाही, आईला सांगितलं. आई म्हणाली, देवाक दिला ता दिला. मी भांडायला गेले तेव्हा दादा शांतपणे म्हणाला, बाय, मी देवाक दिलंय, माणसाक नाय.

वर्ष होऊन गेलं. दीड लाखाचे शंभरपट म्हणजे दीड कोटी होतात, दादा काही एवढं मागत नव्हता, त्याला वाटलं होतं निदान मोठी होडी येईल. आज दादा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातो, आठ-आठ दिवस घरी नसतो, आणि आई संडासला जाताना भिंत धरून जाते. दादाने त्या लोकांना फोन करून विचारलं तर उत्तर मिळालं की तुझा विश्वास कमी पडला असणार, घरात कोणीतरी कुरकुर करत असेल म्हणून आशीर्वाद अडलाय. म्हणजे होडी गेली, सोनं गेलं, आणि वर घरातल्या बाईमाणसावर आळ आला. वहिनी तेव्हापासून उपासनेला येत नाही. तिला कोणी बोलवायलाही गेलं नाही, मी सोडून.

आता तुमच्यातले काही जण, विशेषतः जुन्या चर्चवाले, म्हणतील की आम्ही तर आधीच सांगत होतो, असल्या सभांना जाऊच नये, आणि येशूने कुठे पैशाचं वचन दिलंय, बक्षीस वगैरे सगळं स्वर्गात. मला हेही पटत नाही. दादाला बावळट म्हणणारे लोक त्या रात्री मांडवात नव्हते पण त्यांनी आयुष्यात चार आणेही मोडून दिलेले मी बघितले नाहीत. दादाने जे केलं त्यात लोभ होता का, थोडा असेल, माझ्यात पण असता, पण त्याने खरंच दिलं, हातचं राखून नाही दिलं. आणि वचनाचं म्हणाल तर ते आहे. पेत्राने सरळ विचारलं होतं की आम्ही सगळं सोडून तुमच्या मागे आलो तर आम्हाला काय मिळणार, मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात तो प्रश्न जसाच्या तसा आहे, आणि प्रभूने त्याला लोभी म्हटलं नाही, रागावला नाही, उत्तर दिलं. ज्या प्रश्नावर प्रभू रागावला नाही त्यावर आपण नाक का मुरडायचं?

फक्त उत्तर पूर्ण वाचा एवढंच माझं म्हणणं आहे. मी वर्षभर तेच तेच वाचतेय, आईला मोठ्याने वाचून दाखवते कारण तिला आता बारीक अक्षर दिसत नाही.

पहिली गोष्ट, हे सगळं सुरू होतं प्रभूकडे आलेल्या त्या श्रीमंत माणसापासून. त्याला प्रभू म्हणाला, जा, तुझं असेल ते वीक आणि गोरगरिबांना दे, मग ये, माझ्यामागे चल. गोरगरिबांना दे. माझ्याकडे आणून दे असं नाही म्हणाला, शिष्यांच्या पेटीत टाक असंही नाही. आणि हे सांगण्याआधी मार्काने लिहिलंय की प्रभूने त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्यावर प्रीती केली. म्हणजे त्या माणसाला बघून, ओळखून, त्याच्या एकट्यासाठी सांगितलं. जकातदार जक्कयाने अर्धंच दिलं आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत केलं, त्याला कोणी म्हणालं नाही की अर्धं राहिलं. मार्था आणि मरीयेचं बेथानीतलं घर तसंच राहिलं, तिथे तर प्रभू जेवायला जायचा. हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना आपल्या पैशातून सगळ्यांचा खर्च चालवायची. एकच माप सगळ्यांना लावून मांडवात दोनशे माणसांना एकाच वेळी वीक म्हणून सांगणं, हे शुभवर्तमानात मला कुठेच सापडलं नाही.

आणि होड्या. आपण समुद्राकाठचे लोक, आपल्याला तरी हे दिसायला पाहिजे होतं. याकोब आणि योहान होडी सोडून गेले हे प्रत्येक संडे स्कूलचं पोर सांगेल, पण मार्क लिहितो की त्यांनी बाप जब्दी याला होडीत मजुरांबरोबर सोडलं. मजूर होते. बापाची होडी चालू राहील, हाताखाली माणसं आहेत, म्हातारा उपाशी मरणार नाही एवढी सोय होती. पेत्राचं घर पण विकलेलं नव्हतं, त्याच घरात सासूचा ताप उतरला, आणि पुढे पौल लिहितो की पेत्र बायकोला सोबत घेऊन फिरतो. पुनरुत्थानानंतर पेत्र म्हणतो मी मासे धरायला जातो, तेव्हा जायला होडी होती. माझ्या दादाला आता मी मासे धरायला जातो असं म्हणायला स्वतःची होडी नाही, दुसऱ्याने हाक मारली की जायचं.

आईच्या पाटल्यांचं मला सर्वात जास्त लागलंय म्हणून तेही सांगते. मार्काच्या सातव्या अध्यायात कुर्बानची गोष्ट आहे. काही लोक आईबापाला सांगायचे, तुम्हाला माझ्याकडून जे मिळणार होतं ते कुर्बान, म्हणजे देवाला अर्पण झालंय, आता तुम्हाला देता येत नाही. आणि शास्त्री लोक त्याला ते करू द्यायचे. प्रभूने याला देवाचं वचन रद्द करणं म्हटलंय, इतके कडक शब्द. मला एवढंच विचारायचंय की ज्या दिवशी दादाने त्या पाटल्या टेबलावर ठेवल्या त्या दिवशी एकानेही त्याला विचारलं का, बाबा रे, ह्या कोणाच्या? बायकी सोनं आहे, म्हाताऱ्या घडणीचं आहे, दिसत होतं. विचारायला कितीसा वेळ लागला असता.

विधवेने मंदिराच्या पेटीत टाकलेल्या दोन टोल्यांवरचा, म्हणजे दोन छोट्या नाण्यांवरचा उपदेश मी शंभरदा ऐकलाय. तिने आपली सगळी उपजीविका टाकली, किती मोठं मन. खरंच मोठं. पण त्याच्या वरचीच ओळ आहे की शास्त्री विधवांची घरं गिळतात आणि दिखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात, आणि ती गोष्ट संपली की लगेच पुढच्या अध्यायात प्रभू त्या मंदिराबद्दल म्हणतो की इथे दगडावर दगड राहणार नाही. वरची ओळ आणि खालची ओळ सोडून मधलीच का वाचता तुम्ही? मला त्या गोष्टीत आता तिचं कौतुक ऐकू येतं पण तिच्याकडून घेणाऱ्यांबद्दलचा राग पण ऐकू येतो.

आता मूळ वचनाकडे येते. शंभरपट घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं, आणि मधेच एक शब्द, छळणुकीबरोबर. हा शब्द मांडवात वाचलाच नाही. मत्तय आणि लूक यांनीही तो घेतलेला नाही, फक्त मार्काने ठेवलाय. आणि नीट बघा, सोडायच्या यादीत बाप आहे, पण मिळायच्या यादीत बाप नाहीये. जाणकार सांगतात की मंडळीत बाप एकच, स्वर्गातला, म्हणून तो शब्द नाही. हे मी आईला वाचून दाखवलं तर ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, बापूस काय परत गावलो नाय, ता खरा.

कारण आईने पण सोडलेलं आहे, आणि तिचं मी आजवर कोणाला लिहून सांगितलं नव्हतं. ती मिशनच्या दवाखान्यात वॉर्डात आया म्हणून कामाला लागली होती, १९६८ ची गोष्ट, वय एकोणीस. तिथे शुभवर्तमान ऐकलं, दोन वर्षं विचार केला, आणि बाप्तिस्मा घेतला. कोणी पैसे दिले नाहीत, कोणी काही कबूल केलं नाही. घरी कळलं त्या संध्याकाळी तिची ट्रंक ओट्यावर आणून ठेवली, आत दोन लुगडी. माडांचं परडं, घर, शेत, सगळं बंद. तसा कायदा तिच्या बाजूने होता, धर्म बदलला म्हणून वारसा जाऊ नये असा इंग्रजांच्या वेळचा १८५० चा कायदा तेव्हा होता, पण मामांनी हक्कसोडपत्रावर सही मागितली आणि तिने दिली, म्हणाली वाटा नको पण भाऊ राहू दे. भाऊ पण राहिले नाहीत. आजी वारली तेव्हा आई चालत गेली होती, तोंड बघू दिलं नाही, कुंपणाच्या बाहेरून परत आली. आजोबा शेवटपर्यंत बोलले नाहीत.

आणि मग काय झालं ते ऐका. पहिली रात्र ती दवाखान्यातल्या एका नर्सच्या खोलीत झोपली, खाली चटईवर नर्स आणि खाटेवर माझी आई. पाळकीणबाईंनी पुढे सहा महिने आपल्या घरात ठेवली. एक कोळीण विधवा होती, तिला मूल नव्हतं, ती आईला चेडवा म्हणून हाक मारायला लागली आणि मरेपर्यंत मारत राहिली, मी तिला आजीच म्हणायचे, मला शाळेत जाईपर्यंत माहीत नव्हतं की ती रक्ताची नाही. लग्न ठरलं तेव्हा साडी एका घराने दिली, तांब्याचा हंडा दुसऱ्याने, जेवण सगळ्या मंडळीने मिळून रांधलं. दादाच्या वेळी आणि माझ्या वेळी आईच्या बाळंतपणाला माहेर नव्हतं, तर रोज एका घरातून पेज येत होती, पाळी लावलेली होती, आज अमक्यांची उद्या तमक्यांची. बाबा समुद्रात असताना दादाला ताप आला तर दवाखान्यात घेऊन कोण पळालं ते आई अजून नाव घेऊन सांगते. ती म्हणते, एक घर सुटला, धा घरां गावली.

शंभर आया कोणाला असतात हो? अक्षरशः घेतलं तर वचनाला अर्थच लागत नाही, बाईच्या पोटी माणूस एकदाच जन्मतो. प्रभूने स्वतःच आधी तिसऱ्या अध्यायात सांगून ठेवलंय, देवाच्या इच्छेप्रमाणे वागतो तोच माझा भाऊ, बहीण आणि आई. म्हणजे शंभर घरं ती, ज्यांच्या दाराला सोडून आलेल्या माणसासाठी कडी नसते. शंभर आया त्या, ज्या पेज घेऊन येतात. ते वचन प्रभूने दिलं आणि फेडायचं काम मंडळीवर टाकलं, म्हणून प्रेषितांच्या कृत्यांत चौथ्या अध्यायात लिहिलंय की त्यांच्यात कोणालाच उणं नव्हतं, कारण ज्यांच्याकडे जमिनी होत्या ते विकून आणत होते आणि ज्याला जशी गरज तसं वाटलं जात होतं. बर्णबाने शेत विकलं ते तिथे. आणि पुढच्याच पानावर हनन्याला पेत्र काय म्हणतो, विकण्याआधी ते तुझंच नव्हतं का, विकल्यावर पण पैसे तुझ्याच हातात नव्हते का? म्हणजे सक्ती नव्हती, खोटं बोलला म्हणून दोष लागला.

पाळकसाहेब, पंच मंडळी, शंभरपट तुम्ही होतात. आम्ही होतो. आईच्या वेळी आपल्याच वाडवडिलांनी ते फेडलं, आणि गेल्या वर्षी माझा दादा सगळं सोडून उभा राहिला तेव्हा मंडळीत साठ घरं होती आणि एकाही घरातून वहिनीसाठी पेज आली नाही.

सार्वकालिक जीवनाबद्दल मी बोलत नाही. ते वचनाच्या शेवटी आहे, येणाऱ्या युगात, त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि ते देणारा देणार. दादाचं काही वाया गेलं नाही असं मला मनापासून वाटतं, देवाने ते बघितलं. पण वचनात आत्ताच्या काळातलं म्हणून जे आहे, ते स्वर्गातून पार्सल होऊन येत नाही.

आपल्या कोकणातलंच मोठं उदाहरण घ्या. नारायण वामन टिळक, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेले, १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जात गेली, आप्त गेले, सगळं गेलं, आणि पुढे १९१७ मध्ये मिशनचा पगारही सोडून दिला. त्यांची गाणी आपण दर रविवारी म्हणतो, त्यांनी सोडलेलं आपण अभिमानाने सांगतो. पण लक्ष्मीबाई? पदरात लहान मुलगा, नवरा अचानक परधर्मात गेलेला, चार-पाच वर्षं नातेवाइकांच्या आधाराने काढली. टिळकांनी जे सोडलं ते स्वतःच्या मनाने, लक्ष्मीबाईंचं जे सुटलं ते त्यांना न विचारता. नंतर त्या स्वतःच्या श्रद्धेने ख्रिस्ती झाल्या, त्यांनी लिहिलेलं महाराष्ट्र वाचतो, पण त्या मधल्या वर्षांचा त्रास टिळकांच्या त्यागाच्या खात्यात जमा करता येत नाही. मी टिळकांना मान खाली घालूनच नमस्कार करते, तरी घरातला एक जण सोडतो तेव्हा किती जणांचं सुटतं हे त्यांच्या घरात जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही. इजिप्तचा तो संत अंतोनी, श्रीमंत माणसाचंच वचन ऐकून ज्याने शेतीवाडी देऊन टाकली, त्यानेसुद्धा पहिल्यांदा विकलं तेव्हा धाकट्या बहिणीसाठी थोडं बाजूला ठेवलं होतं.

अजून एक गोष्ट, जी मंडळीत बोललेली कोणाला आवडत नाही. आपल्यातली कितीतरी घरं अशी आहेत ज्यांनी ख्रिस्ती होताना जमीन सोडली नाही कारण जमीन नव्हतीच, त्यांनी दाखला सोडला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीची सवलत हिंदूंना, मग १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना मिळाली, ख्रिस्ती झालेल्याला ती नाही. म्हणजे पोराची फी, वसतिगृह, नोकरीतली जागा, हे सगळं त्यांनी विश्वासापायी सोडलं, दर पिढीला नव्याने सोडतात, आणि त्यांची साक्ष कधी माइकवर झाली नाही. उलट लग्न जुळवायची वेळ आली की आपलीच माणसं हळूच विचारतात, मूळचे कोण ते? ज्यांनी इतकं सोडलं त्यांना आपण भाऊ पण द्यायला तयार नाही आणि बहीण पण नाही, मग शंभरपटीच्या गोष्टी कोणत्या तोंडाने सांगायच्या.

मला काय हवंय ते आता सांगते, कारण नुसतं रडून काही होत नाही.

ते वचन यापुढे वाचाल तर आधीच्या श्रीमंत माणसापासून वाचा, छळणुकीसकट वाचा. कोणी होडी, घर, कलमांची बाग किंवा बायकोचं सोनं द्यायला आलं तर त्याच दिवशी घेऊ नका, महिनाभर थांबा, पाळकसाहेब स्वतः त्याच्या घरी जाऊन पडवीत बसू देत, बायकोला विचारू देत, म्हाताऱ्या आईला विचारू देत, कर्ज किती आहे ते बघू देत. उपजीविकेचं साधन असेल तर सरळ परत पाठवा, म्हणा की तू मासे मारून दर महिन्याला जे देशील ते दे. पेटीत आलेल्या पैशांचा हिशोब मंडळीत मोठ्याने वाचला जाऊ दे, किती आले, गोरगरिबांना किती गेले. बाहेरचे वक्ते आले तर त्यांना आधी सांगा की आमच्या किनाऱ्यावर हजार-लाखाचा हिशोब मांडायचा नाही. आणि साक्ष देताना ज्याला गाडी मिळाली त्यालाच उभं करू नका, ज्याने दिलं आणि ज्याला काहीच मिळालं नाही त्यालाही उभं राहू द्या, त्याचं ऐकायची आपली ताकद आहे का बघू.

फादर लोकांना पण विनंती आहे, तुमच्याकडे असल्या सभा होत नाहीत हे मला माहितीये, पण तुमची माणसं रात्री मांडवात येऊन बसतात आणि सकाळी मिस्साला येतात. त्यांना हसू नका. त्यांच्या घरात काय कमी आहे म्हणून ती तिकडे जातात ते विचारा, बऱ्याचदा आजारपण असतं किंवा कर्ज, आणि मांडवात निदान कोणीतरी डोक्यावर हात ठेवतं.

आणि आता आमच्या मंडळीपुरतं. दादाचे दीड लाख आणि पाटल्या मी परत मागत नाही, दादाने मला तसं बजावलंय आणि दिलेलं परत मागायचा हक्क माझा नाहीच. पण आपल्याकडे रापण ओढताना काय करतात ते तुम्ही लहानपणापासून बघताय. जाळं ज्यांचं त्यांचा वाटा असतो, पण दोरीला जो हात लावेल त्याच्याही पदरात काहीतरी पडतं, शेवटी धावत आलेल्या पोरालाही चार बांगडे मिळतात. मत्तयात शंभरपटीच्या वचनाच्या अगदी पाठोपाठ द्राक्षमळ्याची गोष्ट येते ना, संध्याकाळी आलेल्यालाही सकाळी आलेल्याएवढीच मजुरी, मला ती वाचताना नेहमी आपली रापण आठवते.

तर मी मालवणात एकाकडे जुनं आउटबोर्ड इंजिन बघून ठेवलंय, चालू आहे, दादाच्या ओळखीच्या मेकॅनिकने उघडून बघितलं. होडी पण एक आहे, तळाला दुरुस्ती लागेल, ती आपल्याच वाडीतले लोक करू शकतात. १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली की दोन महिने हातात आहेत. मी माझ्या पगारातून वीस हजार बाजूला काढलेत, आईच्या दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणीने पाच दिलेत, ती आता ऐंशीच्या घरात आहे, तिने विचारलं पण नाही कशाला. साठ घरं आहेत, एक घर जास्त देईल एक कमी, कोणी पैसे देणार नसेल तर दोन दिवस फायबरच्या कामाला या, तेही चालेल. आणि पाळकीणबाई, तुम्ही वहिनीकडे जा, मी सोबत येते, पण बोला तुम्ही, माझं ऐकून ती कंटाळलीय.

दादाला यातलं काही माहीत नाही, तो ट्रॉलरवर आहे, शनिवारी येईल. रविवारी उपासना संपली की मी आईला घेऊन मागच्या बाकावर थांबते. ज्यांना यायचंय त्यांनी तिथे या, वही माझ्याकडे असेल.

तुमची बहीण,
तिसऱ्या बाकावरची बालवाडीची बाई